तिथी, भरती आणि कॅमेरा

कोपरखैरण्याहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीच्या सुट्ट्या साधून लडाख, वाराणसी, हंपी अशी ठिकाणे पाहून झाली, कॅमेरा बऱ्यापैकी आहे, तंत्रही जमते. पण घरी येऊन फोटो पाहिले की ते आधी कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात. प्रवासातल्या छायाचित्रणातून मनाला काही गवसते, एक प्रकारची साधना घडते, असे पुष्कळ जण सांगतात, तसा अनुभव मात्र येत नाही. त्यात आईचे म्हणणे असे की कॅमेरा देवाच्या आणि आपल्या मध्ये येतो. नोव्हेंबरात किरणोत्सवासाठी कोल्हापूरला जायचे आहे. तर पद्धतीत काय बदल करावा, आणि त्यासाठी लांब पल्ल्याची मोठी लेन्स घ्यावी का?

लेन्सचे आधी सांगतो, म्हणजे तो विषय मिटेल. पक्षी हाच मुख्य विषय असेल तर ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याच्या लेन्सला पर्याय नाही. देऊळ, घाट, बाजार, वारी, डोंगरवाट यांसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स, नाहीतर हातातला फोन, पुष्कळ झाला. लांब पल्ल्याची लेन्स माणसाला जागेपासून दूर उभे राहायची सवय लावते, आणि तुमच्या तक्रारीचे मूळ बरेचसे त्या दूर उभे राहण्यातच असावे असा माझा अंदाज आहे.

मी ठाण्यात राहतो, आणि प्रवासी छायाचित्रण करणे व शिकवणे यांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. कुणी आपले फोटो दाखवायला आणले तर मी चित्राआधी त्याची वेळ पाहतो. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या मिनिटाला टिपला हे नोंदलेले असते. तुम्हीही एकदा लडाखच्या फोटोंच्या वेळा उघडून पाहा. बहुतेक फोटो सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचारच्या दरम्यानचे निघतील, कारण हॉटेलातला नाश्ता आटोपल्यावर गाडी निघते आणि चहाच्या वेळेपर्यंत परतीला लागते. एकेका ठिकाणच्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त अंतर क्वचितच असेल. हे वेळापत्रक सहल कंपनीचे आहे, ड्रायव्हरचे आहे, तुमच्या रजेचे आहे. त्याच वेळी, त्याच कठड्यापाशी उभ्या राहिलेल्या इतर हजारो पर्यटकांनाही तेच दिसले, म्हणून तुमचे फोटो ओळखीचे वाटतात. यात तुमच्या नजरेचा दोष फारसा नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक जागेचे स्वतःचे एक वेळापत्रक असते. ते कुठे भरती-ओहोटीचे असते, कुठे काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचे, कुठे सूर्याच्या दक्षिणायन-उत्तरायणाचे, तर कुठे पालखीच्या मुक्कामांचे. आपले घड्याळ बाजूला ठेवून त्या वेळापत्रकात शिरणे हीच या कामातली साधना, आणि सौंदर्य म्हणा, अर्थ म्हणा, जे काही हाती लागायचे ते त्यानंतर लागते. देवळाचा आहे एवढ्याने कोणताही फोटो आध्यात्मिक होत नाही. साधूच्या जटांचा आणि धुनीच्या धुराचा फोटो तर आता इतक्या जणांनी इतक्या वेळा काढला आहे की त्यात साधूसुद्धा उरलेला नाही.

हे पडताळून पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर ठाण्याची खाडी आहे. तिचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झाली. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत इथे लहान रोहित आणि मोठा रोहित असे फ्लेमिंगोच्या दोन्ही जातींचे पक्षी असतात. लहान रोहित मुख्यतः नीलहरित शैवालावर जगतो आणि त्यातल्या रंगद्रव्यांमुळेच त्याला तो गुलाबी रंग येतो; मोठा रोहित चिखलातले बारीक जलचर गाळून खातो.

हौशी छायाचित्रकार खाडीवर जातो तो रविवार आहे म्हणून. खाडीला रविवार ठाऊक नाही. ओहोटीला चिखलाची पठारे उघडी पडली की पक्षी त्यांवर दूरवर पसरून चरत राहतात. भरतीच्या पाण्याने चिखल झाकला की त्यांतले बरेच थवे उडून नेरुळचा डीपीएस तलाव किंवा टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ अशा जागी विसाव्याला येतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या मागेपुढे येते, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. अष्टमीला याच्या उलट होते, आणि तेव्हाची भरती भांगाची, म्हणजे मवाळ असते. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिराने पोहोचते, तेवढे जमेस धरावे.

छायाचित्रकाराच्या हिशेबात याचा अर्थ असा की तिरप्या सोनेरी उन्हात उघडा चिखल आणि त्यावर चरणारे पक्षी हवे असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी. त्याच उन्हात तलावात एका पायावर विसावलेले पक्षी हवे असतील तर अष्टमी सोयीची वाटते खरी, पण भांगाच्या भरतीत सगळा चिखल बुडत नाही आणि त्यामुळे तलावावरचे थवे लहान असू शकतात. माझी स्वतःची पसंती चतुर्थी-पंचमीला असते, कारण तेव्हा भरती दुपारी साडेतीन-चारच्या आगेमागे येते, पाणीही पुरेसे चढलेले असते आणि ऊनही कलायला लागलेले असते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहून घ्यावी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत जाणाऱ्या बोटींचे वेळापत्रकही भरतीच्या पाण्यावरच ठरते, त्यामुळे तिथली वेळ आपल्या सोयीने मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता तिथी पाहून, वेळेच्या तासभर आधी तुम्ही काठावर पोहोचलात असे समजा. कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि पाणी चढताना पाहा. ते लाटांनी येत नाही. चिखलातल्या चरांमधून आत सरकत येते, आधी चर भरतात, मग चरांमधली बेटे लहान होत जातात. लहान रोहिताची गडद लालसर चोच पूर्ण उलटी होऊन पाण्यात असते आणि जिभेच्या हालचालीने पाणी आत घेऊन बाहेर टाकण्याचे त्याचे काम अखंड चालू असते. मोठा रोहित पायाने चिखल ढवळत स्वतःभोवती गोल फिरतो, त्यामुळे तो जिथे चरला तिथे वाटोळे खळगे राहिलेले दिसतात, आणि पाणी येते तेव्हा ते खळगे आधी भरून आरशासारखे चमकतात. थव्याच्या आकाशातल्या उड्डाणापेक्षा या भरत जाणाऱ्या खळग्यांचा फोटो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो त्या जागेला आणि त्या घटकेला सोडून दुसरीकडे काढताच येत नाही. उड्डाणाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, ढेकळे भिरकावणारे आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवणारे लोक मी पाहिले आहेत. चरण्याच्या मोजक्या वेळातून पक्ष्याला उठवणे ही क्रूरता आहे, आणि अशा फोटोतून कुणाला मनःशांती मिळत असेल तर तिच्याविषयी न बोललेले बरे.

उजेडाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. इथे सूर्य क्षितिजाशी बराच उभा कोन करून उगवतो आणि मावळतो, त्यामुळे संधिप्रकाश युरोपातल्यासारखा रेंगाळत नाही. सूर्यास्तानंतरचा निळसर उजेड वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. परदेशी पुस्तके वाचून निवांत पोहोचणाऱ्याच्या हाती म्हणूनच आपल्याकडे अंधार येतो. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य आपल्या थेट डोक्यावर असतो, तेव्हा दुपारी माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नये. पावसाळ्यातला ढगाळ उजेड मात्र दिवसभर मऊ असतो आणि येऊर किंवा पारसिकच्या डोंगरावर त्या दिवसांत हिरव्याच्या छटा वेगवेगळ्या ओळखू येतात. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते, ती जीव गेल्यामुळे घातलेली आहे; ती मोडून काढलेल्या फोटोला मी तरी दाद देणार नाही.

दुसरी जागा अंबरनाथचे शिवमंदिर. आपल्या ठाणे जिल्ह्यातले हे देऊळ शिलाहारांच्या काळातले आहे आणि त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष येते. उतारूंनी भरलेल्या लोकलमधून उतरून दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोहोचता येते आणि बहुतेक जण तेवढ्याच वेळात परततात. तुम्ही एका भिंतीपुढे थांबा. हा काळा बसाल्ट आहे, आणि काळ्या दगडापुढे कॅमेरा हमखास फसतो. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक जे समोर येईल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, त्यामुळे तो दगड उजळ करतो आणि भिंत धुरकट, राखाडी दिसू लागते. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एक स्टॉपने म्हणजे निम्म्यावर, कधी दीड स्टॉपने खाली आणले की दगड पुन्हा काळा होतो. रंगसंतुलन आपोआप ठरवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोडू नका, कारण सकाळच्या उन्हाचा पिवळेपणा हा दोष आहे असे समजून कॅमेरा तो पुसून टाकतो. ते सूर्यप्रकाशाच्या ठरावीक सेटिंगवर ठेवा.

एवढे झाले की हात मोकळे होतात आणि पाहणे सुरू होते. ऊन भिंतीवर समोरून पडते तेव्हा शिल्पे सपाट दिसतात. ते भिंतीला घासून जाऊ लागले की प्रथम फक्त कडा उजळतात, मग एखाद्या मूर्तीचे गुडघे आणि खांदे, आणि चेहऱ्याचा भाग पावसाने इतका झिजलेला असतो की तिथे नाक-डोळ्यांऐवजी केवळ एक गोलावा उरलेला आढळतो. हजार वर्षांच्या जवळपास जाणाऱ्या काळात पावसाने केलेले काम आणि त्याआधी कारागिराने केलेले काम एकाच दगडावर दिसते, पण ते दिसण्याचा अवधी काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांची वाट पाहत भिंतीपाशी बसणे हे मला कोणत्याही प्रवचनाइतके उपयोगी पडलेले आहे. गाभारा मंडपाच्या पातळीहून बराच खाली आहे आणि पायऱ्या उतरून तिथे जावे लागते. तिथे मात्र कॅमेरा काढू नका. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला येणारी माणसे त्या पायऱ्या ज्या सवयीच्या पावलांनी उतरतात ती पाहण्यासाठी बाहेरच्या मंडपात उभे राहिलेले पुरते. देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा तिवई, म्हणजे ट्रायपॉड, वापरायची असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. हातात धरून जेवढे जमेल तेवढेच काढणे बरे.

आता कोल्हापूर. महालक्ष्मीचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि वर्षातून दोनदा मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसेच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या त्या तारखा; पहिल्या दिवशी किरणे देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत जावीत अशी ती रचना आहे. दोन्ही तारखा २१-२२ डिसेंबरच्या सुमारे सहा आठवडे अलीकडे आणि पलीकडे येतात, कारण दक्षिणेकडे जाताना आणि तिथून परतताना सूर्य मावळतीच्या त्याच बिंदूवरून दोनदा जातो. बांधणाऱ्यांनी वर्षभर मावळतीची नोंद ठेवल्याशिवाय हे साधणार नाही. म्हणजे जागेच्या वेळापत्रकाचे मी जे सांगत आलो त्याचे हे दगडात बांधलेले उदाहरण झाले. मात्र ढग, धूळ, दमट हवा किंवा वाटेतला एखादा अडथळा यांमुळे किरणे गाभाऱ्यापर्यंत न पोहोचण्याचे प्रसंगही येतात. म्हणून एका दिवसाचे जाऊ नका, तिन्ही संध्याकाळ हाताशी ठेवा. गाभाऱ्यात छायाचित्रणाला मनाई आहे आणि ती योग्यच आहे, तेव्हा त्या घटकेला तुम्ही फक्त भाविक असाल. फोटो काढायचा तर तासभर आधी महाद्वाराच्या रस्त्यावर उभे राहून मावळतीचे ऊन दुकानांच्या पाट्यांवरून, फुलांच्या परड्यांवरून आणि माणसांच्या पाठींवरून कसे सरकत जाते ते टिपा. गाभाऱ्यातल्या किरणांचे चित्र सर्वांनी पाहिलेले आहे. रस्त्यावरचे ऊन सहसा कुणी पाहत नाही.

आईंच्या आक्षेपाला आधार आहे, पण तो अर्धाच आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी एका कलासंग्रहालयात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागींनी काही वस्तूंचे फोटो काढले आणि काही नुसत्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या, जणू लक्षात ठेवण्याचे काम त्यांनी कॅमेऱ्यावर सोपवले होते. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला त्यांच्या स्मरणात अशी घट झाली नाही. पुढे डील, झॉबरमन आणि बराश या संशोधकांनी २०१६ मध्ये असे दाखवले की स्वतःहून फोटो काढणारी माणसे अनेक प्रकारच्या अनुभवांत अधिक गुंततात. आणि २०१७ मधल्या अभ्यासात असे आढळले की फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक आठवते, पण ऐकलेले कमी आठवते. या तिन्हींचा एकत्र विचार केला तर कॅमेरा आड येतो तो नुसते दाबत सुटण्यामुळे, आणि तो खरोखर हिरावून घेतो ती गोष्ट म्हणजे कानावर पडणारे. आरतीचा फोटो काढणाऱ्याला आरती ऐकू आलेली नसते. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगतो की कोणत्याही देवस्थानी पहिली आरती कॅमेऱ्याशिवाय ऐकावी. कुणाला फोटो काढायचाच असेल तर दुसरी आरती असतेच.

वारीत हे सर्वाधिक जाणवते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून सासवडकडे निघते त्या दिवशी दिवे घाटाच्या वळणांवर छायाचित्रकारांची इतकी दाटी असते की वारकऱ्यांनाच वाट काढत जावे लागते. सगळ्यांना उंचावरून तीच नागमोडी रांग हवी असते. ती सुंदर आहे यात वाद नाही. पण पुणे ते सासवड हा मोठा, थकवणारा टप्पा एखाद्या दिंडीबरोबर पायी चालून पाहा, फोन खिशात ठेवून. चढ लागला की अभंगाची लय कशी बदलते, वीणेकरी दमला की वीणा कुणाच्या गळ्यात जाते, पाणी आधी कुणाला दिले जाते, हे दिसू लागते; आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा हातात घ्याल तेव्हा तुमच्या चौकटीत रांगेऐवजी वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातानाचे हात येतील. पालखी सासवडला दोन रात्री थांबते, त्यामुळे पाय दुखले तरी हा बेत पार पडतो. भेगाळलेल्या टाचांचे फोटो मात्र आता पुरे झाले असे मला वाटते. ज्या बाईच्या टाचा आहेत तिला तो फोटो दाखवला तर ती काय म्हणेल, एवढाच विचार करावा.

माणसांचा विषय निघाला आहे तर परवानगीविषयी सांगायला हवे, कारण भक्ती करणारा माणूस ही सगळ्यात सोपी शिकार असते. त्याचे डोळे मिटलेले असतात आणि तो हरकत घेत नाही. दिवाळ्याच्या किंवा चेंदणीच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला गेलात तर मिरवणूक सुरू होण्याआधी जा, बोलत बसा, घरातल्या मोठ्या माणसांना नमस्कार करा, कोण नारळ अर्पण करणार आहे ते विचारा. फोटो काढलात तर छापून नेऊन द्या. पुढच्या वर्षी तुम्हाला होडीत जागा मिळेल, आणि होडीतून दिसणारा किनारा काठावरून दिसणाऱ्या होडीपेक्षा वेगळाच असतो. याच आगरी-कोळी घरांमधून चैत्रात कार्ल्याला एकवीरा आईच्या यात्रेला लोक जातात. तिथे देवीच्या मंदिराला लागूनच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले, भारतातले सर्वांत मोठे चैत्यगृह आहे. त्याच्या कमानदार छताला मूळच्या लाकडी फासळ्या आजही शाबूत आहेत. गंमत अशी की दर्शनाच्या रांगेतले लोक सहसा चैत्यगृहात डोकावत नाहीत, आणि चैत्यगृहासाठी आलेले कॅमेरेवाले देवीकडे वळत नाहीत. तुम्ही दोन्ही करा. आधी रांगेत उभे राहा, मग मोठ्या गवाक्षातून येणारा उजेड खांबांवरून स्तूपापर्यंत कसा विरळ होत जातो ते पाहा. आत असताना बाहेरचा यात्रेचा गजर ऐकू येत राहतो, आणि त्या लेण्याचे मौन त्या आवाजामुळे अधिक कळते.

छायाचित्रणातल्या अध्यात्माविषयी पाश्चात्त्य परंपरेतही विचार झाला आहे आणि तो आपल्या उपयोगाचा आहे. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकी छायाचित्रकाराने १९२२ पासून अनेक वर्षे ढगांचे फोटो काढले. विषयाच्या भव्यतेवर किंवा प्रसिद्ध चेहऱ्यावर आपले काम अवलंबून नाही हे त्याला दाखवायचे होते. ढग कुणालाही फुकट उपलब्ध होते आणि त्यांतून स्वतःच्या मनःस्थितीला समांतर असे काही उभे करता येते असा त्याचा दावा होता. पुढे मायनर व्हाइटने हा धागा उचलला, आणि फोटो काढण्यापूर्वी ध्यानस्थ बसावे, विषयापुढे स्थिर व्हावे असे तो आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत असे. मला त्यातला गूढतेचा भाग फारसा झेपत नाही. पण आधी बसावे, मग कॅमेरा काढावा हा भाग निखालस खरा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही पंथाची दीक्षा लागत नाही. मासुंदा तलावाच्या काठी, कौपिनेश्वराच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी अर्धा तास बसून हे करता येते. पाडव्याच्या शोभायात्रेत किंवा दिवाळी पहाटेला तिथे मोठी गर्दी लोटते, तेव्हा मी तिथे जात नाही. आषाढातली एखादी साधी, रिमझिम संध्याकाळ मला पुरते.

परतल्यावरचे काम राहिले. प्रवासातल्या रात्री हॉटेलात बसून फोटो निवडू नका, कारण त्या वेळी तुम्ही फोटो पाहत नसता, दिवस आठवत असता. काही आठवडे जाऊ द्या. मग जे फोटो उघडाल त्यांपैकी पहिल्यांदा ते काढून टाका जे तिथे न जाताही तुम्हाला कल्पनेने रचता आले असते. सूर्यास्तापुढची काळी आकृती, घाटावरची होडी, दिव्यांच्या रांगा यांतले बरेचसे इथेच गळतील. उरलेल्यांखाली तारीख, तिथी, वेळ, भरती होती की ओहोटी, माणूस असेल तर त्याची परवानगी घेतली होती का, आणि त्या वेळी काय ऐकू येत होते, हे लिहा. शेवटची नोंद बहुतेक फोटोंखाली कोरी राहील. ज्यांच्याखाली ती लिहिता येईल त्यांचे सहा इंच बाय चार इंचांचे साधे मॅट कागदावरचे छाप काढा; स्क्रीनवरच्या उजेडात झाकलेले दोष कागदावर लगेच उघडे पडतात. काळे दगड मेलेले दिसत असतील तर सावल्या किंचित उचला, आभाळ पांढरे पडले असेल तर त्या फोटोचा नाद सोडा आणि पुढच्या खेपेला एक्सपोजर आभाळावरून धरा. फोटो निवडताना कुणाचे मत हवे असेल तर ज्याने ती जागा पाहिलेली नाही अशा माणसाला विचारा, कारण तुमची आठवण त्याच्याकडे नसते आणि कागदावर जे खरोखर उतरले आहे तेवढेच तो पाहू शकतो.